सर्व्हर जड झालाय? आधी जागं काय आहे ते बघा

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याकडे सरकणाऱ्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, जो एकदा उभा राहिलाय, त्याला सिम स्पीड, म्हणजे सर्व्हरवर गेमचा वेळ किती वेगाने सरकतो ते, वेगळं समजवावं लागत नाही. पुढचा टँकर थांबला की मागचे ट्रक, ढोलवाले, गुलाल उधळणारे सगळे थांबतात. कुणाच्या पायात कितीही जोर असला तरी चाल ठरते ती सगळ्यात हळू जाणाऱ्या गाडीवरून.

स्पेस इंजिनियर्स या जहाजं आणि स्टेशनं बांधण्याच्या गेमचा सर्व्हर अगदी असाच चालतो. एका सेकंदाचे 60 टप्पे, म्हणजे एका टप्प्याला 16.67 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रत्येक जहाज, पिस्टन, ड्रिल, कन्व्हेयर (माल वाहणाऱ्या नळ्या) आणि स्क्रिप्ट यांचा हिशोब उरकायला हवा. काही कामं प्रोसेसरच्या इतर कोअरवर वाटली जातात, पण मुख्य धागा, म्हणजे एकामागून एक उरकायच्या कामांची रांग, एकच आणि बाकी सगळे त्याची वाट बघतात. हिशोब वेळेत उरकला नाही तर गेम टप्पा गाळत नाही, वेळच ताणतो. सिम स्पीड 0.6 असेल तर गेममधलं एक मिनिट घड्याळातली 100 सेकंदं खातं. रिफायनरी रखडते, जहाज चिखलातून चालल्यासारखं चालतं आणि ग्रुपवर रात्री साडेदहाला नेहमीचा प्रश्न येतो: "भिया, नेट गया क्या?"

नेट बहुतेक वेळा गेलेलं नसतं. शिफ्ट आणि एफ 11 एकत्र दाबा. सर्व्हरचा सिम स्पीड, सर्व्हरच्या प्रोसेसरवरचा भार आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) तिथे दिसतं. सर्व्हरचा सिम स्पीड 1.00 आणि पिंगही ठीक, तरी चित्र अडखळतंय, म्हणजे दोष तुमच्या ग्राफिक्स कार्डात किंवा सेटिंगमध्ये आहे. सिम स्पीड 1.00 आहे, पण ठेवलेला ब्लॉक उशिरा उमटतो किंवा दार उघडून परत बंद झाल्यासारखं दिसतं, तर पिंग बघा. समजा सर्व्हर युरोपात फ्रँकफर्टला आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन 65 मिलिसेकंद ही निसर्गाचीच फी झाली, रस्त्यातले राउटर वेगळे. इंदूर, देवास आणि बडोद्याची पोरं एकत्र खेळणार असतील तर भाड्याचा सर्व्हर मुंबईत घ्यावा, युरोपात स्वस्त मिळाला तरी. आणि सिम स्पीडच 1 च्या खाली गेला असेल तर नेटवाल्याला फोन करून काही होत नाही. दोष आपल्याच बांधकामात आहे.

आता मुद्द्याचं. लॅग म्हटलं की लोक ब्लॉक मोजायला लागतात, नाहीतर पीसीयू, म्हणजे ब्लॉक सर्व्हरला किती जड पडेल याचा गेमने ठरवलेला आकडा. 2018 पासून गेममध्ये प्रत्येक ब्लॉकला पीसीयूचा भाव लावलेला आहे आणि त्याची मर्यादा अख्ख्या जगाला, प्रत्येक खेळाडूला किंवा प्रत्येक गटाला घालता येते. साध्या आर्मर ब्लॉकचा भाव 1. जहाजावरचं ड्रिल, वेल्डर, कनेक्टर यांचा शंभराच्या पुढे. अंदाजासाठी हे चांगलं आहे, पण हा भाव ठोक आहे. ड्रिल चालू असो की बंद, भाव तोच. प्रोसेसरला मात्र बंद ड्रिलचं जवळजवळ काहीच पडत नाही आणि चालू ड्रिलचं भरपूर पडतं.

कुणी दहा हजार आर्मर ब्लॉकांचा सात मजली राजवाडा उभा केला, खालचे तीन मजले दगडी रंगात, वरचे चार लाकडी, आणि तो स्टेशन म्हणून जमिनीला पक्का आहे, तर सर्व्हर त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. त्या राजवाड्यासमोर सहा चाकांची, मागे पिस्टनचा हात असलेली एक गाडी उतारावर हँडब्रेकवर उभी करा. पीसीयूच्या यादीत तिचं नाव कुठेतरी तळाशी असेल, पण सर्व्हरचा वेळ खाणार ती. राजवाडा झोपलेला आहे, गाडी जागी आहे. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एकाच फरकाबद्दल.

सबग्रिड

रोटर, हिंज, पिस्टन आणि सस्पेन्शन या सांध्यांच्या टोकाला जे बसतं ती गेमच्या दृष्टीने वेगळी ग्रिड, म्हणजे जोडलेल्या ब्लॉकांचा वेगळा संच असते; तीच सबग्रिड. सहा चाकांची गाडी म्हणजे सात ग्रिड. प्रत्येक सांध्याला भौतिकीचं इंजिन दर टप्प्याला विचारतं: दोन्ही बाजू जागेवर आहेत का, किती सरकल्या, किती जोराने परत ओढू? जड टोक आणि हलका सांधा असला की उत्तर किंचित चुकतं. पुढच्या टप्प्यात ती चूक दुरुस्त होते, थोडी जास्तच होते, आणि मग सगळं थरथरायला लागतं. यालाच जगभरचे खेळाडू क्लँग या गमतीतल्या देवाचा कोप म्हणतात. कोप दिसण्याच्या कितीतरी आधी, डोळ्यांना न जाणवणारी थरथर सर्व्हरचा वेळ खात असते, कारण हलणारी वस्तू झोपत नाही.

सांध्यांची संख्या कमी करणं हा पहिला उपाय. सूर्यामागे फिरणारं सोलर पॅनेल दिसायला छान, पण त्यासाठी दोन रोटर आणि बहुधा एक स्क्रिप्ट लागते. त्यापेक्षा स्थिर पॅनेल जास्त लावा. ते स्टेशनचाच भाग असतात आणि गप्प पडून राहतात. हँगरला पिस्टनवर सरकणारी भिंत करण्याऐवजी गेममधले तयार हँगर दरवाजे वापरा, ते सबग्रिड नाहीत. दाखवण्यापुरती क्रेन, फिरणारा रडार, हलणारी पाटी अशा सजावटीला आमचा स्पष्ट नकार. एकट्याच्या जगात हवी तेवढी करा.

सांधा लागणारच असेल तर काम संपल्यावर रोटर आणि हिंज लॉक करा. पिस्टनच्या साखळीत टर्मिनलमधला शेअर इनर्शिया टेन्सर हा पर्याय चालू केला की जड-हलक्याचा फरक इंजिनला कमी जाणवतो आणि थरथर बरीचशी बसते. पण तो सगळीकडे आंधळेपणाने लावू नका. फिरत्या रोटरवर त्याने कधी कधी उलटंच होतं. एका वेळी एकाच सांध्यावर लावून बघायचं आणि मग पुढे जायचं. पिस्टनचा जोर कमाल ठेवायची सवयही सोडा. टोक अडकलं तर तो तेवढ्याच जोराने ढकलत राहतो आणि अडकलेली ग्रिड रात्रभर जागी राहते.

एक चूक वारंवार दिसते. सबग्रिडवर बांधलेला ब्लॉक मुख्य ग्रिडच्या ब्लॉकात किंचित घुसलेला असतो. लहान ग्रिडचा ब्लॉक अर्ध्या मीटरचा, मोठ्या ग्रिडचा अडीच मीटरचा, त्यामुळे मोठ्या जहाजावर लहान ग्रिडचा हात बसवला की अशी घसट सहज होते. दोन घन वस्तू एकमेकींत घुसलेल्या, सांध्याने बांधलेल्या, सुटायला जागा नाही. इंजिन त्यांना सेकंदाला 60 वेळा वेगळं करायला बघतं. सांधा पूर्ण फिरवून, पूर्ण लांबवून आणि पूर्ण आत घेऊन चारी बाजूंनी मोकळी जागा आहे का बघा. एका ब्लॉकाची फट सोडली तर कुणाचं काही बिघडत नाही.

गाडी-जहाज कसं उभं करावं

हवेत थ्रस्टरच्या जोरावर टांगून ठेवलेलं जहाज सोडून लॉगआउट होऊ नये. गुरुत्वाकर्षणाशी त्याची झटापट दर टप्प्याला चालू राहते. जमिनीवर किंवा स्टेशनवर उतरवा, लँडिंग गिअर पी ने लॉक करा, मग वाय दाबून वीज बंद करा. कनेक्टर जोडलेला असताना वाय दाबलं तर जोडलेल्या इतरांचीही वीज जाऊ शकते, म्हणून आधी कनेक्टर सोडा. चाकांच्या गाडीला निव्वळ हँडब्रेक पुरत नाही, उतारावर तर नाहीच. पोटाखाली एक लँडिंग गिअर किंवा मॅग्नेटिक प्लेट लावा आणि गाडी जमिनीला धरून ठेवा.

जे मोठं जहाज महिनाभर हलणार नाही, ते थांबलेलं असताना टर्मिनलच्या इन्फो पानावरून स्टेशनमध्ये बदला. परत जहाज करायचं बटणही तिथेच असतं. एका क्लिकमध्ये एवढा फायदा देणारं दुसरं काही नाही, तरी लोक ते वापरत नाहीत.

वीज बंद करताना सर्व्हरच्या साफसफाईचे नियम माहीत असू द्या. मूळ सेटिंगमध्ये 20 पेक्षा कमी ब्लॉकांची आणि खेळाडूंपासून 500 मीटरच्या पलीकडे पडलेली ग्रिड कचरा ठरू शकते. छोटं खाणजहाज दूर टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी गायब झालं, की भांडण ॲडमिनशी होतं. चूक कुणाची, ते सेटिंग वाचल्यावर कळतं.

खाण आणि दगड

ड्रिल जमीन कोरतं म्हणजे व्होक्सेल, ज्या छोट्या घनांची जमीन बनलेली असते ते, बदलतं. बदललेला आकार नव्याने मांडावा लागतो आणि जवळच्या सगळ्यांना कळवावा लागतो. पिस्टनवरची खाण बांधत असाल तर वेग मोजा. एकामागे एक चार पिस्टन असतील तर त्यांचे वेग एकमेकांत मिळतात. प्रत्येकी 0.05 मीटर प्रति सेकंद म्हणजे टोकाला 0.2 झाले. नवखे लोक प्रत्येकाला 0.5 देतात, टोक सेकंदाला दोन मीटर पळतं, जमीन कोरून होण्याआधीच ड्रिल आदळतं, आणि मग ड्रिलही जातं, सर्व्हरही. प्रत्येकी 0.02 ते 0.05 पुरतं. धातू तितकाच निघतो.

दगड ही वेगळी डोकेदुखी. कनेक्टरला थ्रो आउट लावून दगड बाहेर टाकत राहिलात, तर प्रत्येक गोळा ही स्वतंत्र तरंगती वस्तू: पडणार, घरंगळणार, दुसऱ्यावर आपटणार. सर्व्हरची मूळ मर्यादा अशा 100 वस्तूंची आहे. ती वाढवून 500 करणारे ॲडमिन स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात, आणि इथे तो धोंडा खराखुरा असतो. बोगदा करायचा असेल तेव्हा ड्रिलचं उजवं बटण वापरा: भोक रुंद पडतं, माल येत नाही, दगडाचा प्रश्नच उरत नाही. आलेला दगड रिफायनरीत टाका. त्यातून लोखंड, निकेल आणि सिलिकॉन निघतं, सुरुवातीच्या बांधकामाला तेवढं बरंच होतं.

कन्व्हेयर म्हणजे रात्रीचा सराफा

रात्री दहानंतर इंदूरच्या सराफ्यात, त्या खाऊबाजारात, कुठल्याही गल्लीतून कुठल्याही दुकानाशी पोचता येतं, म्हणूनच कुणी कुठेच पोचत नाही. मोठ्या बेसचं कन्व्हेयर जाळं असंच होतं. रिफायनरीला खनिज हवं, असेंब्लरला पत्रे हवेत, रिॲक्टरला युरेनियम, बंदुकांना गोळ्या. प्रत्येक जण जाळ्यात विचारत फिरतो: माझा माल कुणाकडे आहे आणि तिथून माझ्यापर्यंत वाट आहे का? जाळ्यात टोकं जितकी जास्त आणि आडवे जोड जितके जास्त, तितका हा शोध महाग. त्यात कनेक्टरला पाच जहाजं जोडून ठेवली की त्यांच्या पेट्या, टाक्या, बंदुका सगळ्या त्याच जाळ्यात सामील होतात.

जाळं झाडासारखं ठेवा. एक खोड, त्याला फांद्या, फांद्या परत एकमेकींना जोडलेल्या नाहीत. गोल फिरून येणारी नळी दिसायला सोयीची वाटते, पण गरज क्वचितच असते. बंदुकांचं जाळं वेगळं करा: एक लहान पेटी, तिच्यात गोळ्या हाताने भरलेल्या, मुख्य जाळ्याशी संबंध नाही. ज्या यंत्राला सतत माल ओढायची गरज नाही, त्याच्या टर्मिनलमधलं कन्व्हेयर वापरण्याचं बटण बंद करा. रिॲक्टरमध्ये युरेनियम एकदा हाताने टाकलं की खूप दिवस चालतं. सॉर्टरवर (नळीतून ठरावीक मालच पुढे सोडणारा ब्लॉक) ड्रेन ऑल, म्हणजे सगळा माल ओढून घेण्याचा पर्याय, गरजेपुरतंच ठेवा. समोरासमोर दोन सॉर्टर एकमेकांकडे माल ढकलत बसलेले, हे दृश्य वाटतं त्यापेक्षा जास्त बेसमध्ये सापडतं.

मॉड्यूल नसलेल्या वीस रिफायनरी लावण्यापेक्षा पाच लावा आणि प्रत्येकीला क्षमता वाढवणारी चार मॉड्यूल जोडा. विचारणारी तोंडं कमी झाली की जाळं हलकं होतं. असेंब्लरचंही तसंच. आणि ज्या असेंब्लरच्या रांगेत कधीच न मिळणारा माल मागणारी ऑर्डर अडकलीय, ती रांग पुसून टाका. प्लॅटिनम नसताना थ्रस्टरचे सुटे भाग मागत बसलेला असेंब्लर दार ठोठावतच राहतो.

स्क्रिप्ट

प्रोग्रामेबल ब्लॉक स्क्रिप्ट चालवतो. त्यात अपडेट 1 म्हणजे सेकंदाला 60 वेळा, अपडेट 10 म्हणजे 6 वेळा, अपडेट 100 म्हणजे दर पावणेदोन सेकंदांच्या आसपास एकदा. पेटीत किती लोखंड आहे हे पडद्यावर दाखवायला अपडेट 100 सुद्धा चिक्कार झालं. स्टीमच्या वर्कशॉपमधून उतरवलेल्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये हा आकडा सुरुवातीच्याच ओळींत बदलता येतो, तो बदला. स्वतः लिहीत असाल तर ब्लॉकांची यादी दर वेळी नव्याने मागू नका. एकदा काढून ठेवा आणि दर दहा-वीस फेऱ्यांनी ताजी करा. पडद्यावरचा मजकूर बदलला असेल तरच लिहा, कारण तो आसपासच्या प्रत्येक खेळाडूकडे पाठवावा लागतो.

स्वतःलाच परत सुरू करणारे टायमर हा जुना रोग. 2023 च्या ऑटोमेटन्स अपडेटमध्ये इव्हेंट कंट्रोलर, म्हणजे ठरलेली गोष्ट घडली की काम करणारा ब्लॉक, आला, तेव्हापासून "टाकी भरली की पंप बंद" यासाठी टायमरचं चक्र किंवा स्क्रिप्ट लागत नाही.

बुरुजांबद्दल (आपोआप नेम धरणाऱ्या बंदुका) थोडक्यात: जिथे शत्रू येतच नाही तिथे बंद ठेवा. वेल्डरची भिंत आणि प्रोजेक्टर (बांधायच्या वस्तूचा आराखडा हवेत दाखवणारा ब्लॉक) यांना गट करून एकच बटण द्या, जोडणी संपली की दोन्ही बंद. हवाबंद खोल्या छोट्या करा. अख्खा हँगर हवाबंद केला की त्याचं दार उघडताना सर्व्हरला तेवढ्या पोकळीचा हिशोब परत मांडावा लागतो. हँगर उघडाच ठेवा आणि मधल्या दोन ब्लॉकांच्या खोलीत हवा भरा.

ॲडमिनच्या बाजूचं

मुख्य धागा एकच असल्यामुळे सोळा हळू कोअरपेक्षा चार वेगवान कोअर बरे. भाड्याचा सर्व्हर घेताना रॅमचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि प्रोसेसरचं नाव कुठेच नसतं. ते विचारून घ्या. घरच्या मशीनवर चालवणाऱ्यांनी मे महिन्यात तापमानाकडे लक्ष द्यावं. इंदूरला दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, बंद खोलीतला लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग उतरवतो आणि तोच बेस जानेवारीत 1.00, मे मध्ये 0.7 दाखवतो. जगात काहीही न बदलता दुपारी जड आणि पहाटे हलका होणारा सर्व्हर दिसला तर आधी पंख्यातली धूळ काढा.

ऑटोसेव्ह मूळ 5 मिनिटांवर असतो. जग मोठं झालं की प्रत्येक सेव्हला सगळे एक-दोन क्षण गोठतात. 15 मिनिटं करा, पण इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तरच. नाहीतर वीज गेली की पाऊण हँगर गेला. जगाची फाईल एसएसडीवर ठेवा. व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे किती दूरपर्यंत दिसतं ते, मूळ 15 किलोमीटर असतं, सहा-आठ जणांच्या सर्व्हरला 6 ते 8 पुरे. सिंक डिस्टन्स, म्हणजे सर्व्हर किती दूरपर्यंतच्या वस्तूंची माहिती खेळाडूला पाठवतो ते, मूळ 3 किलोमीटर आहे, ते वाढवायचं काही कारण नाही. लांडगे, कोळी आणि उल्का ज्यांना आवडतात त्यांनी ठेवाव्यात. आमच्या मते उल्का पहिल्या दिवशीच बंद कराव्यात.

दोषी सापडत नसेल तेव्हा ऑल्ट आणि एफ 10 ने ॲडमिनचं पान उघडा आणि ग्रिडची यादी वेगानुसार लावा. उभी असलेली वस्तू शून्याऐवजी 0.02 असा काहीतरी वेग दाखवत असेल तर ती थरथरते आहे, तिथूनच सुरुवात करा. तेही नाही जमलं तर जगाची प्रत काढा, ती स्वतःच्या मशीनवर एकट्याने उघडा, अर्ध्या ग्रिडची वीज बंद करा आणि सिम स्पीड बघा. सुधारला तर दोषी त्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्या अर्ध्यात. साठ ग्रिड असतील तर सहा फेऱ्यांत नाव समोर येतं. वीज बंद करूनही फरक पडला नाही तर दोष सांध्यात किंवा घसटीत आहे. मग तीच विभागणी ग्रिड प्रतीतून पुसून करा.

नाव सापडल्यावर खऱ्या सर्व्हरवरून ती वस्तू लगेच उडवू नका. आधी कंट्रोल आणि बी दाबून तिची ब्लूप्रिंट (पुन्हा बांधता येईल असा आराखडा) काढा, मालकाला पाठवा आणि कुठला सांधा थरथरतोय ते स्क्रीनशॉटवर गोल करून दाखवा. नुसती डिलीट केली तर तो तीच गाडी, त्याच घसटीसकट, रविवारी परत बांधतो.